पोटदुखीवाल्या काकू

असं नाही बाळा — अगं, आल्या आल्या सरळ पोटावर हात काय टाकतेस? आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग विचारायचं, 'काकू, तपासू का?' — त्याचे मार्क असतात. आणि हात जरा चोळून घे, बर्फ झालेत नुसते. हं, आता बरं. उद्या परीक्षेतही या पलंगावर मीच असणार, घाबरू नकोस. तुमच्या मॅडम शिकत होत्या ना, तेव्हापासून मी इथे खोटी पेशंट होतेय. सगळं कॉलेज मला पोटदुखीवाल्या काकूच म्हणतं — पण दमाही करते हो मी, लकवाही करते. तोंड वाकडं करून दाखवू? बरं, राहिलं. कुठे दुखतं? इथे, उजवीकडे, जरा खाली — आई गं! — बघ, दचकलीस ना?

माझा मुलगाही याच खोलीत शिकला. पेशंट बोलत असताना मान वर करून बघायचं, हे त्याला मी शिकवलंय. आता हृदयाचा मोठा डॉक्टर आहे, लोक नंबर लावून ताटकळतात. मला नाही लावावा लागत — रविवारी फोन असतोच. परवा त्याला म्हटलं, अरे, छातीत मधूनच फडफडतं, जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी येते. तर हसायलाच लागला. म्हणे, 'आई, या आठवड्यात हा रोल मिळालाय वाटतं? छान जमलाय.' जमलाय म्हणे. मीही हसले — काय करणार? इतकी वर्षं खोटं खोटं कण्हून त्याची फी भरली, आता खरं कण्हायला वेगळा आवाज कुठून आणू? लागलं मनाला. असो — तू विचार पुढचं. उलटी? झाली एकदा. ताप? थोडा. नाडी? बघ ना, बघायचीच असते — पण एवढा वेळ नाही धरायची. परत कशाला मोजतेस? अगं, घड्याळाकडे बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? आणि मॅडमना कशाला बोलावतेस? नाही, नाही, हे त्यांनी मला नाही सांगितलं करायला — म्हणजे, तुमच्या पेपरात नाहीये हे. याचे मार्क नाहीत, बाळा. सोड हात. सोड म्हणते ना. जा, पुढच्याला आत पाठव.