शेवटचा आल्यावर उतरायचं

चेस्टनटच्या पावाचा वास. भिंतीला टेकलेल्या सायकली. घाटावर धुकं. बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे आमेची विधवा ओदेत, आणि त्याचा सायकल-क्लबातला दोस्त फेर्नां.

“वर्ष झालं, तुम्ही तो घाट टाळताय.”

“आमे तिथंच गेला, वहिनी. पाय वळत नाहीत.”

“या रविवारी चला. मी येते, त्याच्या सायकलवर.”

“तुम्हाला वर पोचायला दुपार होईल.”

“त्यालाही व्हायची. थांबायचात ना वर?”

“शेवटचा आल्याशिवाय उतरायचं नाही, हा आपला नियमच.”

“मग माझ्यासाठीही थांबा.”

“नाही वहिनी. मी तुमच्या मागं राहीन.”

ओदेतनं दोन पाव घेतले.

आमे अर्ध्या चढावर कोसळला, तेव्हा सगळे माथ्यावर तासभर त्याची चेष्टा करत वाट बघत होते.