समोरच्या काकू

शहराकडून उपनगरात जाणाऱ्या बसच्या रांगेत माझं नामस्मरण चाललं होतं. पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं कानांवर पडत होतं.

“बाळाला ठेवलंस कुणाकडे?”

“समोरच्या दारातल्या काकूंकडे.”

“नाव काय त्यांचं?”

“घाईत विचारायचं राहिलं.”

“फोन नंबर?”

“तोही.”

“धन्य आहेस! शहर सोडून तिकडे जाऊन चार दिवस झाले नाहीत, आणि लेकरू देऊन मोकळी!”

“मग कुणाला देणार होते? तुम्ही ओळखता तिथं कुणाला? एक तरी नाव सांगा.”

“ही बस का येत नाही अजून?”

“अहो, तुमचा फोन वाजतोय.”

“हॅलो? कोण, आपल्या बिल्डिंगचा वॉचमन? काय झालं?... बरं, बरं.”

“बोला ना! बाळ बरं आहे ना?”

“झोपलंय. काकू विचारतायत, उठल्यावर त्याला काय नावानं हाक मारायची?”