नाकावर नऊ किलो

नाही नाही, मागेच हवंय. ट्रेलरच्या मागे, बाहेरून — दोन नळ्या वेल्ड करा, वर जाळी टाका, त्यावर ह्यांची चाकाची खुर्ची आडवी बांधते मी, झालं! असं काय बघताय मिस्त्री? सकाळपासून ती खुर्ची मागच्या सीटवरून ह्यांच्या मानेत टोचतेय. हे म्हणजे आमचे हे, ते काय गाडीत पुढे बसलेत, मान कलती. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान शाबूत आहेत हो, हळू बोला. तुम्ही बोलतच नाही म्हणा, मीच बोलतेय.

संध्याकाळपर्यंत मला धाकट्या बहिणीकडे पोचायचंय. तिचं घर एका खोलीचं, त्यात तिचे सासू-सासरे, पण अंगण मोठं — अंगणात हा ट्रेलर लावायचा नि त्यातच आम्ही दोघांनी राहायचं. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा सोडली, सकाळीच किल्ल्या दिल्या मालकाच्या हातात. सात महिने हे खाली उतरले नव्हते. शेजारच्या चौघांनी उचलून उतरवलं नि म्हणाले, काकू, उतरवलं खरं, पण परत चढवायला सांगू नका. आमच्या मुलाचं वेगळंच. त्यानं एका संस्थेत खाट धरून ठेवलीय, आज सहापर्यंत. एका खोलीत आठ म्हातारे, भेटायला फक्त रविवारी, चार ते पाच. म्हणतो, आई, तुझ्यानं होणार नाही. म्हटलं, बघच तू!

आणि वजनाचं मला शिकवू नका. तीस वर्षं पार्सल ऑफिसात काट्यावर बसलेय मी. पाव किलोसाठी लोक गयावया करायचे, मी हलले नाही. ह्या ट्रेलरच्या दारावर पाटी आहे ना, सामानासकट सहाशे किलो — मग एकेक वस्तू मोजून चढवलीय. ह्यांची डोक्याकडून वर होणारी खाट अडतीस, श्वासाचं मशीन अठरा, त्याची बॅटरी सत्तावीस, पाण्याचे दोन कॅन चाळीस, भांड्यांची पेटी, कपडे — ट्रेलर धरून पाचशे चौऱ्याण्णव! आता खुर्ची एकोणीस, म्हणजे तेरा किलो जास्त होतात, कबूल. माझ्या काट्यावर मीच आले असते तर मीच मला परत पाठवलं असतं. पण आज नका ना अडवू. तेरा किलोनं काय आभाळ कोसळतंय?

हे काय, काटा कशाला? ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली? ठेवा बापडे... किती? नऊ. बघा, नाकावर नुसतं नऊ किलो, हलकं फूल! — किती हवं? साठ? काहीतरीच काय मिस्त्री! साठ किलोचा दांडा उचलून गाडीच्या हुकात कोण अडकवणार, मी? पूर्वी हे उचलायचे. आता मला एकटीला जमायला हवं, म्हणून तर डोकं चालवलं. बॅटरी मागे, पाणी मागे, भांडी मागच्या खिडकीखाली, खाट डाव्या अंगाला. नि काय सांगू, दांडा असा वर आला, असा, एका हातानं! म्हटलं, बाई गं, जमलं तुला. टाळी द्यायला कोणी नव्हतं, नाहीतर दिली असती.

हो, ट्रेलर हलत होता. तुम्हाला कसं कळलं? आधी थोडंसंच — डावीकडे, उजवीकडे, मला वाटलं वारा आहे. मग तो मोठा उतार लागला. मागून ट्रक गेला नि हा जो डुलायला लागला... स्टिअरिंग माझं ऐकेना, ट्रेलर म्हणेल तिकडे गाडी. आरशात बघितलं तर ट्रेलर ह्या खिडकीत, की लगेच त्या खिडकीत. डावं चाक रस्ता सोडून खाली गेलं, धाडकन आवाज झाला, देवा रे, म्हटलं संपलं. ह्यांना ओरडता येत नाही. ह्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला होता, घट्ट. थांबल्यावरही सुटेना, बोटं एकेक करून सोडवली मी.

म्हणजे मागे वजन गेल्यामुळेच? असं असतं? नाक हलकं झालं की शेपूट... अहो, पण बेरीज बरोबर होती माझी! एक ग्रॅम चुकला नाही! — नाही, कुठे काय ठेवायचं ते हे बघायचे. वीस वर्षं आम्ही सुट्टीत हाच ट्रेलर घेऊन फिरलो, सामान ह्यांनी लावायचं, मी नुसतं आणून द्यायचं. ही पिशवी इथे कशाला, तो डबा तिथे कशाला, तुला काही कळत नाही — वीस वर्षं! सकाळी मी भरत होते तेव्हा हे खुर्चीत बसून काठी आपटत होते. मग काठीनं दाखवायचे, ट्रेलरकडे, चाकाच्या पुढे, पुन्हा पुन्हा. घशातून आवाज काढत होते, तोंड लालबुंद झालं होतं. मला कळलं नाही असं नाही हो मिस्त्री. काहीतरी चुकतंय म्हणतायत एवढं कळलं. मी काय केलं, काठी काढून घेतली. म्हटलं, आता गप बसा, आता मी करणार. आणि बरं वाटलं मला. खरं सांगते, छान वाटलं. पहिल्यांदा मी काहीतरी करत होते नि ह्यांना बोलता येत नव्हतं. कुणाला सांगू नका... तुम्ही तरी कुणाला सांगणार म्हणा.

मग आता पुढे लावू ना सगळं! चला, हात लावा, बॅटरी पुढे, पाणी ओतून टाकू, चाळीस किलो तिथेच गेले, मग खुर्चीही आत मावते. दांडा तुम्ही अडकवून द्या, तिकडे धाकटीचा नवरा सोडवेल. झालं की! उगीच रडत बसले मी. — काय? खाली काय वाकून बघताय? तिथे तर मी बोट लावलेलं नाही.

तुटलाय? चाकावरचा स्प्रिंगचा पाटा? दोन पानं तुटली... असं चालत नाही का जरा? हळू नेते, अगदी बैलगाडीसारखी नेते. चाक निखळेल म्हणता. तार गुंडाळून? वेल्डिंग? — बरं, नाही तर नाही, ओरडू नका. नवा कधी मिळेल? गुरुवारी. आज सोमवार आहे मिस्त्री.

गुरुवारपर्यंत ह्यांना कुठे ठेवू? इथे? तुमच्या ह्या पत्र्याच्या शेडमधल्या धुरात ह्यांची छाती एक तास टिकायची नाही. आणि चाक काढलेल्या ट्रेलरमध्ये ह्यांना चढवू कशी? लॉजचं म्हणाल तर मघाशी वाटेत चहा प्यायला थांबलो तेव्हा एका ठिकाणी मशीन लावायला तासभर खोली मागितली — मशीन बघून त्यानं लांबूनच हात जोडले. घराच्या किल्ल्या गेल्या. धाकटीच्या खोलीत ती खाट आडवीही बसत नाही, उभीही नाही. बॅटरी पाच तास चालते, सकाळी खाली बसवून नि वाटेत थांबून थांबून मशीन लावलं, त्यात तीन गेले. बेरीज करा ना तुम्हीच. मला बेरीज येते, मी केली, काही उरत नाही.

मुलगा इथून जवळच राहतो, अर्ध्या तासात येईल, मोठी गाडी आहे त्याची. फोनची वाटच बघत बसला असेल. चार दिवसांचाच प्रश्न आहे असं त्याला म्हणून बघेन — पण तो काल काय म्हणाला सांगू? म्हणाला, आई, बाबा एकदा तिथे गेले की मी परत बाहेर काढू देणार नाही, कागदावर सही माझी आहे. रागानं नाही म्हणाला. रडत म्हणाला, म्हणून तर भीती वाटते.

...हं, मीच. नाही, पोचलो नाही. सगळे ठीक आहेत. अरे नाही, काही झालं नाही, ट्रेलर जरा... तू ये. हो. हो, त्यांनाच घ्यायला. गॅरेज आहे, उतार संपतो तिथे. — नाही रे, भांडत नाहीये मी. ये तू.

मिस्त्री, तुम्ही जरा आत जाता का? नको, पाणी नको. आत जा ना. तो यायच्या आत मला ह्यांच्याशी बोलायचंय.