पडदा ओढणाऱ्या देवरावले

मूल गावच्या पोस्टात रिनाच्या पुढं दोघं म्हातारे पार्सलच्या रांगेत बोलत होते.

"सही नकली हाय, हे कसं समजलं, दादाजीभाऊ?"

"नातवासाठी घेतलेला क्रिकेटवाल्याचा फोटो उन्हात तिरपा धरला. सही फोटोसंगच छापली हाय, पेनाची नाई."

"बदल्यात काय देल्लं?"

"मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं जुनं हँडबिल. नटानं सही करून लिवलं होतं, ‘पडदा ओढणाऱ्या देवरावले’. म्हंजे माह्या बापाले."

"अन् मोबाइलवरच्या अनोळखी माणसाले तुम्हीच आधी पाठवलं? काऊन?"

"समोरच्याले आधी वाढावं, असं बाप सांगे."

"आता फोन उचलते का तो?"

"नाई."

"त मंग हे नकली काऊन परत पाठवून राह्यले?"

"त्याचं त्याले आधी पोचलं, त लाजून बापाचं वापस देईन ना तो."