दुसरी चावी

हॅलो?… कोण, त्रिवेणी?… अगं जरा मोठ्यानं बोल, हितं किरायदारानं पाण्याची मोटार लावलीय, काही ऐकूच येईना… हां, आता बोल… काय? हे किरायदार बी चालले?

अगं वर्षात तिसरे हे. आधी ते बालाजीचं बिऱ्हाड, मग ती बँकेवाली, आता हे… कवा?… आजच? टेम्पो बी सांगितला?… अन् तू मला आता सांगायलीस.

न्हाई, चिडले न्हाई मी… बरं, चिडले. चिडू नको तर काय करू? हितं जिंतूरात पंधरा वर्षं झाली मला चार खोल्या किरायानं देऊन, एक माणूस असं उठून गेलं न्हाई. तुला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं… अगं ऐक ना… अकरा महिन्यांचा करार केलास का?… केला. पोलीस ठाण्यात कागद दिला?… बरं. भिंतीचे, नळाचे फोटो काढून ठेवलेस?… मीटर येगळं?… मग कामून चालले गं ते?

"माणसंच वंगाळ" म्हणू नको. हरिओम शाळेत मास्तर, बायको निकिता दवाखान्यात नर्स. ना भांडण, ना तंटा. असे किरायदार दिवा घेऊन धुंडले तरी मिळत न्हाईत… बरं, काय केलं त्यांनी? सांग… खिळा ठोकला. ठोकू दे. मग?… शेगडी खिडकीखाली नेली. नेऊ दे की, सैपाक तिला करायचाय… मटकीत सोडा घालती. बरं… पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग… हां… हां…

एक मिनिट, त्रिवेणी. तू राहतीस वरच्या खोलीत. ते खाली. तिच्या मटकीत सोडा हाय हे तुला कसं कळालं?

काय म्हणलीस, देव?… म्हणजे देव्हारा तू वर नेलाच न्हाई?… खालीच हाय, त्यांच्या घरात?… मग पूजा?… रोज?… किती वाजता?… नऊला. अन् दार कोण उघडतं?… तुझ्याजवळच्या चावीनं तूच.

अगं माझे बाई. ती पोरगी रातपाळी करून येती, कुठं डोळा लागतो न लागतो, अन् तू तिच्या उशाशी घंटी वाजवायलीस… हळू वाजवतीस, पण वाजवतीसच ना? करारात लिहिलं होतं का हे?… मग. अगं एकदा किराया घेतला की आत पाय टाकायचा तर विचारून. नळ गळायला लागला तरी विचारून. मी पंधरा वर्षांत कुणाचा उंबरा वलांडला न्हाई, बाहेरूनच बोलते. हे तुला सांगायचं राहिलं, कारण हे कुणाला सांगावं लागंल असं मला वाटलंच न्हाई.

देव हलवायचा नसतो?… कुणी सांगितलं? अगं आपण लिंगायत. आपला देव आपल्या गळ्यात. इष्टलिंग हातावर घेतलं की झाली पूजा, मग गच्चीवर बस न्हाईतर पिंगळीच्या ठेसनावर बस. तुला त्या देव्हाऱ्याची काय गरज पडायली?

हॅलो?

रडू नको गं… हं… हं… माहिती हाय, राजशेखररावांनी सोताच्या हातानं बसवलाय तो… त्यांचा फोटो बी तिथंच… हो, फरशी बी त्यांनीच निवडली, वास्तूला मी होते की. तुझे यजमान जाऊन दोन वर्षं झाले, मला बी आठवण येती. पण त्या फरशीवर आता दुसऱ्याचा संसार हाय, त्रिवेणी. रिकामं घर खायला उठायलंय म्हणूनच दिलंस ना तू? खाली कुणाची तरी चाहूल असावी म्हणून? मग तीच चाहूल आज टेम्पोत घालून वाटेला लावायलीस.

ही शिट्टी कसली झाली?… कुकर? आज सोमवार, तुझा उपास. कुणाचा कुकर?

त्रिवेणी, तू आत्ता हायस कुठं?

…अन् निकिता?… समोरच भांडी भरायली. वा. तिच्याच घरात बसून तिचंच गाऱ्हाणं सांगायलीस मला. दे तिला फोन… दे म्हणते ना.

हॅलो, निकिता का? मी महानंदा, त्रिवेणीची मोठी बहीण… हो, हो… न्हाई, तुझं बरोबर हाय… न्हाणीतून बाहेर आलीस अन् ही समोर?… शरमंची गोष्ट हाय, बाई. माझी बी… दुसरी जागा पाहिली का?… पेडगावच्या रस्त्याला? दवाखाना लय लांब पडंल तुला… एक विचारते, काय केलं तर राहशील?… बस, एवढंच?… बरं. हरिओमला विचारून सांग मग. दे तिला.

त्रिवेणी, ऐक. किराया कमी नको म्हणायली. तिला फकस्त ती दुसरी चावी पायजे… हो, तुझ्याजवळची. पदराच्या गाठीला असंल, सोड… सुटंना? दातानं सोड… दिलीस?… तिच्या हातात?… बरं.

मी संध्याकाळी येते, मग देव्हारा वर नेऊ. फोटो तू घे… घेतलास? आता बाहेर ये. चप्पल घाल. दार ओढून घे… हां, आला आवाज.

जिना चढू नको. थांब तिथंच. आता बेल दाब.

असू दे तुझं घर. दाब.

वाजली… उगं उभी राहा आता… मला बी न्हाई माहिती, उघडायचं का न्हाई ते तिनं ठरवायचं… धीर धर जरा…

काय म्हणायली आतून?… "कोण हाय?"… तिला चांगलं माहिती हाय कोण हाय ते. तरी विचारायचा हक हाय तिला.

मग उभी काय राहिलीस? फोन ठेव, अन् नाव सांग.