सतराव्या अंकाची शिवण

फरहीन : पुस्तक नका बघू अब्बा, त्याचं कव्हर बघा. आतल्या बाजूने.

महबूब : झरीनआपाच्या शाळेच्या पुस्तकांची ट्रंक उघडायला तुला कुणी सांगितलं?

फरहीन : वाचा ना. लायबेरिया, दोन हजार तीन, अंक सतरा.

महबूब : छापखान्यातला उरलेला ताव आहे तो. बाइंडरांची पोरं कव्हरं विकत घेत नाहीत, गो. आम्ही सगळेच आणायचो.

फरहीन : पण हा अंक जगात कुठेच नाहीये! दोन महिने वर तिसऱ्या मजल्यावर फातूमॅडमकडे बसून मी त्यांच्या जर्नलचा इतिहास टाईप करतेय. मन्रोवियात स्टेन्सिलवर काढलेला पहिला अंक, युद्धात जळलेलं ऑफिस, मग मॅडम इथे कुवेतला, फहाहीलला आल्या आणि तुमच्याकडे चार अंक छापले. सगळं पाठ आहे मला. सतराव्यापुढे काय लिहिलंय माहितीये? 'छापखान्यात पाइप फुटला, सगळ्या प्रती भिजल्या.' या कव्हरवर पाण्याचा एक डाग दाखवा.

महबूब : हळू बोल. जिन्यात ऐकू जातं.

फरहीन : फुटला होता का पाइप?

महबूब : नाही.

फरहीन : मग?

महबूब : आमच्याकडे सगळी अरबी कामं. उजवीकडून उघडणारी. हाताला तेच वळण, आणि बाईचं जर्नल इंग्रजी. तीनशे प्रती मी अरबीसारख्या घडी घालून, शिवून, कापूनसुद्धा टाकल्या. पानांचा क्रम गेला, कडेची अक्षरं गेली. मुदीर, आमचा मॅनेजर, म्हणाला, बोभाटा नको. प्रती रद्दीत, प्लेटा मोडीत, आणि बाईला पाइपचं सांग.

फरहीन : तुम्ही सांगितलं?

महबूब : मीच. कापताना माझा हात मशीनला लागला होता. तिने अंकाचं नंतर विचारलं. आधी हाताचं विचारलं.

फरहीन : मूळ लेख त्यांनी मन्रोवियाला घरी परत पाठवलेले, ते नंतर तिथे जळाले. त्यात त्यांच्या मिस्टरांचा शेवटचा लेख होता.

महबूब : ठाऊक आहे.

फरहीन : ठाऊक आहे आणि ट्रंकेत ठेवलात?

महबूब : कव्हरं चढवली तेव्हा ठाऊक नव्हतं. कळल्यावर कुठल्या तोंडाने जाऊ?

फरहीन : याच तोंडाने. गुरुवारी त्या कायमच्या चालल्यात. आज सहाला इतिहासाची फाइल छापायला पाठवायचीय.

महबूब : मुदीर अजून तोच आहे. त्याच्या सहीवर माझा इकामा, इथे राहायचा परवाना, आणि माझ्या इकाम्यावर तुझा. ती छापेल, तो वाचेल. दहावी काय दापोलीत देशील?

फरहीन : देईन. तिथे काय शाळा नाहीत?

महबूब : बोलायला सोपं आहे.

फरहीन : टाईप करायला नाहीये. आभाराचं पान काल झालं. वाचू?

महबूब : नको.

फरहीन : 'बाइंडर महबूब यांचे आभार. भिजता अंक वाचवताना त्यांच्या हाताला इजा झाली.'

महबूब : असं लिहिलं तिने?

फरहीन : त्या सांगत होत्या. लिहिलं मी.

(अब्बांच्या नखाने कव्हर कडेकडेने सुटत येतं.)

महबूब : बाकीची चार पुस्तकं आण. कव्हर ओढू नको, घडीवर फाटेल.

फरहीन : यातलं काही लागतच नाही पण. तिसऱ्या पानाशेजारी चौदावं, आणि सहावं डोक्यावर उभं.

महबूब : फर्मा, म्हणजे घडी घालायचा अख्खा ताव, असाच छापतात. एक घडी अशी. दुसरी अशी. आता उलट.

फरहीन : एक, दोन, तीन, चार... आली की ओळीने.

महबूब : सहा फर्म्यांचा अंक होता. एक नाही मिळायचा. तिच्या नवऱ्याचा लेख बघ.

फरहीन : आहे. थांबा. शेवटची दोन पानं नाहीत.

महबूब : तेही सांगावं लागेल.

फरहीन : आणि मुदीरला?

महबूब : त्याला उद्या. मीच सांगेन.

फरहीन : सुई-दोरा घेऊ?

महबूब : घे. पण आत्ता शिवायचं नाही. आधी वर जाऊन तिला विचारू, शिवण कुठल्या बाजूला हवी. तेव्हा विचारलं नव्हतं.