आईला कळलेला एकच शब्द

तुम्हाला सांगतो, बाबांना लकवा मारला तेव्हा आम्ही त्यांना कामठीहून रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना ‘मूव्ह करा’ म्हणत आयसीयूत नेलं, ते परत आलेच नाहीत. दोन दिवसांनी डॉक्टर बाबांना तपासून नर्सला म्हणाले, “गुड, ही कॅन मूव्ह नाऊ.” त्यातला एकच शब्द आईला कळला. मी चहा घेऊन आलो, तर ती रडत होती.

“काहून रडून राहिली वं आई?”

“तुह्या बाबाले बी मूव्ह करून राहिले.”

नर्सनं ऐकलं. “नाही वं मावशी, ते बोटं हलवून राहिले. हात देऊन पाहा.”

आईनं घाबरत हात दिला. बाबांनी तो धरला, आणि मग सोडेचनात.